गावरान झाडांचं बी, त्यातली विविधता आणि सीमेपलीकडचे शेजारी : मराठवाड्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाऊस जवळ आला की आमच्या बियांच्या ग्रुपवर तेच तेच प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून एकदाचे एका जागी लिहून काढले. प्रश्न लोकांनी विचारले तसेच ठेवलेत. एका उत्तरात दुसऱ्याचा विषय निघाला तर तिथं नंबर दिलाय. सगळं वाचायची गरज नाही, आपल्या कामाचं तेवढं बघितलं तरी चालतं.

१. जनुकीय विविधता जनुकीय विविधता करता, म्हणजे नक्की काय? वेगवेगळी झाडं लावायची एवढंच ना?

तेवढंच नाही. वड, पिंपळ, लिंब, बाभूळ असे दहा प्रकार लावले ही झाली प्रजातींची विविधता. जनुकीय विविधता एकाच प्रजातीच्या आतली. आपल्याकडं गाय म्हणजे गायच, पण देवणी वेगळी, लाल कंधारी वेगळी, आणि देवणीच्या एका दावणीतही सगळ्या सारख्या नसतात, एखादी दुष्काळात कडबा खाऊन तग धरते, एखादी बसते. झाडांचंही तेच. किनवटचा साग आणि केरळातल्या निलांबूरचा साग दोन्ही सागच, पण एक कोरड्या रानात पिढ्यान् पिढ्या वाढलेला आणि दुसरा धो धो पावसातला. बांधावरचे गावरान आंबे तर सगळ्यांना माहीत आहेत, शेप्या, खोबऱ्या, साखऱ्या, एकाच झाडाच्या कोया लावल्या तरी येणारी झाडं आईसारखी निघतील याची खात्री नाही. हा जो आतला फरक आहे ना तोच पुढच्या किडीला, रोगाला, दुष्काळाला तोंड द्यायचा साठा. गव्हाचं वाण नाही जमलं तर पुढच्या वर्षी बदलता येतं, झाड शंभर वर्षं एका जागी उभं असतं.

२. आमच्या तालुक्यात झाडंच नाहीत हो. आधी लागू तर द्या, बी कुठलं न् काय ते नंतर बघू!

हा प्रश्न जरा चिडूनच येतो आणि ते साहजिक आहे, लातूर परभणीकडं जंगल नावालाच आहे, आठ जिल्ह्यांत म्हणावं असं सलग रान किनवट-माहूरकडं आणि थोडं गौताळ्याकडं. पण नंतर बघू म्हणता येत नाही. चुकीच्या बियाचं झाड लगेच मरत नाही, पहिली दोन-तीन वर्षं मस्त हिरवं दिसतं, फोटो निघतात, आणि मग एखाद्या कोरड्या वर्षी शेंड्याकडून वाळायला लागतं, नाहीतर जगतं पण खोड वाकडं आणि बी धरत नाही. खड्डा, टँकर, कुंपण, राखण्या यांचा खर्च दोन्हीकडं सारखाच. सगळ्यात स्वस्त वस्तू बी, आणि नेमकं तेच कोणी विचारत नाही. २०१९ ला राज्यात ३३ कोटी झाडांचं टार्गेट होतं, खड्डे मोजले, रोपं मोजली, पण ती रोपं कुठल्या रानातल्या किती झाडांच्या बियांची हे बहुतेक रोपवाटिकांत विचारलं तर उत्तर एकच यायचं, बी बाजारातून आणलं.

३. नुसती भीती घालू नका, विविधता नव्हती म्हणून कुठं काय बिघडलं ते सांगा.

सुबाभूळ घ्या. वयानं मोठ्या लोकांना आठवत असेल, चारा, सरपण, कागद सगळ्याला हेच झाड म्हणून केवढा गाजावाजा होता. जगभर पसरलेलं बी हवाईच्या मोजक्या वाणांचं, शिवाय हे झाड स्वतःच्याच परागावर बी धरतं म्हणजे पुढची पिढी जवळपास मागच्यासारखीच. १९८४ ला हवाईत उड्या मारणारी एक बारीक कीड पोचली, दोन वर्षांत आग्नेय आशियात, १९८८ ला भारतात. सगळी झाडं एकसारखी म्हणून सगळी एकदम बळी पडली. किडीला दाद न देणारी जात सापडली ती सुबाभळीच्या मेक्सिकोतल्या भाऊबंदांत, आणि सापडली कारण ते बी कोणीतरी गोळा करून ठेवलं होतं.

दुसरं युरोपातलं. तिथं ॲश नावाचं झाड सगळीकडं असतं, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला पोलंडमध्ये ते शेंड्याकडून वाळायला लागलं, पूर्व आशियातून आलेली बुरशी निघाली, आणि बघता बघता अर्ध्याहून जास्त खंडात पसरली. बहुतेक झाडं गेली किंवा जाण्याच्या वाटेवर आहेत, पण शेकड्यात थोडीफार अशी निघतात जी टिकून राहतात. आता देश मिळून तीच झाडं शोधून त्यांचं बी आणि कलमं जपतायत.

आणि लांब कशाला, तेलंगणात गेल्या काही वर्षांत कडुलिंबाचे शेंडे करपल्यासारखे वाळताना दिसले, त्यातही एक बुरशी आहे आणि सोबत रस शोषणारा ढेकूण. तुमच्याकडं तसं दिसलं तर वाळलेलं झाड लगेच तोडू नका, पुष्कळ परत फुटतात. आणि आजूबाजूला सगळं करपलेलं असताना एखादं हिरवंगार राहिलं असेल तर त्यावर खूण करून ठेवा. पुढं कामाचं झाड ते आहे.

४. प्रत्येकानं आपापलं जपावं. दुसऱ्या राज्याशी, दुसऱ्या देशाशी सहकार्य कशाला पाहिजे?

कारण झाडाला जिल्हा कळत नाही. किनवटचं सागाचं रान पलीकडं आदिलाबादेत चालू राहतं, पैनगंगेच्या त्या बाजूला विदर्भात चालू राहतं. उदगीरची बाभूळ आणि बिदरची बाभूळ एकच. अंजन तर खानदेशापासून तेलंगण, कर्नाटक, तमिळनाडूपर्यंत तुटक तुटक पट्ट्यांत आहे, कुठलंच एक राज्य म्हणू शकत नाही की अंजन आमच्याकडं पूर्ण जपलाय. साग निसर्गतः जगात फक्त चार देशांत आहे, भारत, म्यानमार, थायलंड आणि लाओस, बाकी सगळीकडं लावलेला.

यात एक गोष्ट आपल्या फायद्याची आहे जी लोकांच्या लक्षात येत नाही. ज्याला त्याला वाटतं चांगलं बी म्हणजे भरघोस पावसातल्या उंच सरळ झाडाचं. पण मराठवाडा म्हणजे बऱ्याच झाडांच्या पट्ट्याची कोरडी कड. कडेवरची झाडं ठेंगणी असतील, वाकडी असतील, पण कमी पाण्यात तगण्याचा गुण असलाच तर तिथंच जास्त सापडायचा. उद्या आजचे ओले प्रदेश कोरडे पडले तर हेच बी मागायला लोक येतील. आणि सहकार्य नसलं तर काय होतं, प्रत्येकजण आपल्या राज्यातलं मधलं, देखणं रान राखतो आणि कड कोणाच्याच यादीत येत नाही.

रोग आणि कीड सीमा ओलांडते ते वर प्रश्न ३ मध्ये आलंच.

५. मग हे सहकार्य प्रत्यक्षात चालतं कसं? मीटिंगा सोडून काही होतं का?

होतं. सगळ्यात जुनं व्यवस्थित चाललेलं उदाहरण युरोपचं. १९९० ला स्ट्रासबर्गला वनमंत्र्यांची परिषद झाली, त्यात झाडांची जनुकीय संपत्ती मिळून जपायची असा ठराव झाला आणि १९९४ पासून युफोर्जेन नावाचा कार्यक्रम सुरू झाला. सभासद देश वर्गणी भरतात आणि प्रत्येक देशाचा एक माणूस ठरलेला असतो.

त्यांची कामाची पद्धत मला आवडते ती अशी की सगळं बी एका गोदामात आणा असं ते म्हणत नाहीत. प्रत्येक देशानं आपल्या जंगलातले ठराविक तुकडे अमुक झाडासाठी राखीव म्हणून जाहीर करायचे, तिथं नैसर्गिक उगवण होऊ द्यायची, झाडं तिथंच बदलत्या हवामानाशी जुळवून घेत राहतील. तुकडा किती मोठा याचेही किमान आकडे ठरलेत. सगळीकडं आढळणाऱ्या, रानं करून वाढणाऱ्या जातीची बी धरणारी किमान ५०० झाडं पाहिजेत. विखुरलेल्या किंवा कडेवरच्या झाडांसाठी ५०, आणि फारच दुर्मिळ उरलेल्यांसाठी निदान १५, तीही एकमेकांच्या नात्यातली नकोत. मग या सगळ्या तुकड्यांची माहिती एका सामाईक डेटाबेसमध्ये जाते, नकाशावर दिसतं की कुठल्या झाडाचा कुठला भाग कोणीच राखत नाही, आणि त्या देशाला सांगता येतं की बाबा तुझ्याकडं हे राहिलंय.

म्हणजे देवाणघेवाण होते ती मुख्यतः माहितीची. बी हलतं ते त्यानंतर आणि थोडंच.

६. आपला देश अशा कशात आहे का, की नुसतं युरोपचं कौतुक?

आहे. २००३ ला आशिया-पॅसिफिकसाठी असंच जाळं सुरू झालं, ॲपफोर्जेन, त्यात भारत आहे, नेपाळ, श्रीलंका, म्यानमार, थायलंड, मलेशिया वगैरे पण. सागासाठी टीकनेट म्हणून वेगळं जाळं १९९५ ला यांगूनला सुरू झालं आणि २००८ पासून त्याचा कारभार केरळातल्या पीचीच्या वन संशोधन संस्थेतून चालतो. कडुलिंबाचं तर भारी काम झालं होतं, १९९० च्या दशकात एफएओच्या (संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि शेती संघटना) पुढाकारानं वेगवेगळ्या देशांतलं लिंबाचं बी गोळा करून तेच बी अनेक देशांत लावून बघितलं, कुठलं कुठं चांगलं येतं ते. अशी चाचणी एकट्या देशाला करताच येत नाही. जगपातळीवर २०१३ ला एफएओनं जंगली झाडांच्या जनुकीय संपत्तीसाठी जागतिक कृती आराखडा मंजूर केला, त्यावर भारत वगैरे देश काम करतात.

देशात यावर काम करणाऱ्या संस्था म्हणजे डेहराडूनची वन संशोधन परिषद आणि तिच्या शाखा. महाराष्ट्र जबलपूरच्या उष्णकटिबंधीय वन संशोधन संस्थेकडं येतो, चंदन-लाकडाचं बेंगळुरूच्या संस्थेकडं, झाडांच्या जनुकांचं कोइम्बतूरला. राज्यानंही महाराष्ट्र जीन बँक प्रकल्प काढलाय. पण खरं सांगू का, या सगळ्या कागदाची तालुक्याच्या रोपवाटिकेशी गाठ अजून पडलेली नाही. गाठ कुठं बांधायची ते प्रश्न ११ मध्ये.

७. बी गावातलंच घ्यावं का? की चांगलं दिसेल तिथून?

काहीच माहिती नसेल तर जवळचं घ्या, पण जवळचं म्हणजे किलोमीटरनं नाही, पाऊस आणि मातीनं. मराठवाडा एकसारखा नाही. आष्टी-पाटोदा पर्जन्यछायेत पडलेला कोरडा भाग, किनवट-माहूरला त्याच्यापेक्षा बराच जास्त पाऊस, मधे गोदाकाठची खोल काळी माती आणि बालाघाटावर मुरमाड माळ. आष्टीवाल्यानं किनवटहून बी आणण्यापेक्षा नगरच्या किंवा करमाळ्याच्या माळावरून आणलं तर जास्त जुळेल, जिल्हा वेगळा असला तरी. बाभूळ काळ्या मातीतली काळ्या मातीला, माळावरची माळाला.

दिसायला चांगलं झाड म्हणून भुलू नका एवढंच, विहिरीच्या पाटाजवळचं लिंबाचं झाड देखणं असतं ते पाण्यामुळं, गुणामुळं नव्हे.

८. एका मोठ्या जुन्या झाडाचं पोतंभर बी मिळतं. तेवढ्यात हजार रोपं होतात की. मग बिघडलं कुठं?

हजारही रोपं एका आईची. ती मोठी झाल्यावर एकमेकांतच परागीभवन करणार, म्हणजे भावाबहिणींतच, पुढच्या पिढीत बी कमजोर, उगवण कमी. त्यात ते झाड शेतात एकटंच उभं असेल तर आणखी वाईट, आजूबाजूला जोडीदार नाही म्हणून पुष्कळ बी स्वतःच्याच परागाचं असतं.

जगभर साधारण चालणारा नियम असा: निदान ३० झाडं, आणि एका झाडापासून दुसरं ५० ते १०० मीटर लांब, कारण अगदी जवळची झाडं बहुधा एकाच आईची पिल्लं असतात. प्रत्येक झाडाचं बी साधारण सारखंच घ्यायचं, एकाचं पोतं आणि बाकीच्यांची मूठ मूठ असं नाही. आणि झाडावरचं सगळं ओरबाडायचं नाही, पाखरांना आणि जमिनीला राहू द्यायचं. चारोळीचं तसंच झालंय बघा, पिकायच्या आत फांद्यांसकट तोडून नेतात, मग रानात नवीन रोप दिसणार कुठून.

९. आमच्या शिवारात मोहाची चारच झाडं उरलीत. तीस कुठून आणू?

नाही आणता येत, म्हणूनच शेजार लागतो. तुमची चार, पलीकडच्या गावची सहा, पुढच्या देवस्थानाच्या रानातली दहा, असं सारख्या पावसाच्या पट्ट्यातल्या गावांचं बी एकत्र करून रोपं करा आणि मिसळून लावा. मोहाला वटवाघळं परागासाठी येतात, ती लांब उडतात, म्हणून मधल्या बांधांवर अजून थोडी झाडं झाली तर जुन्या चार झाडांनाही जोडीदार मिळतो.

पण एक करा, तुमच्या चार झाडांचं बी मिसळायच्या आधी थोडं वेगळं ठेवून त्याची वेगळी रांग लावा. मिसळलेलं परत वेगळं करता येत नाही.

१०. कुठलं बी कधी गोळा करायचं आणि किती दिवस टिकतं?

सगळ्यात जास्त नासाडी इथंच होते, त्यामुळं सविस्तर.

कडुलिंब: जून-जुलैत पिवळी पडलेली लिंबोळी झाडावरून किंवा ताजी पडलेली. गर चोळून धुवून काढा, सावलीत पसरा, दोन-तीन आठवड्यांच्या आत पेरा. कडक उन्हात वाळवली किंवा प्लास्टिकच्या पिशवीत तोंड बांधून ठेवली की गेली. दिवाळीत कोणी लिंबाचं बी विकत असेल तर घेऊ नका. जांभूळ याहून नाजूक, खाऊन टाकलेल्या बिया दोन-चार दिवसांत लावा. मोहाचंही पावसाच्या तोंडावर, लगेच.

बाभूळ, शमी, चिंच या कडक सालीच्या बिया कोरड्या डब्यात वर्षानुवर्षं राहतात, पेरताना गरम पाण्यात भिजवायच्या. बाभळीचं जुन्या लोकांचं तंत्र अजून चांगलं, शेळ्यांच्या वाड्यातलं बी गोळा करायचं, पोटातून जाऊन साल मऊ झालेली असते. त्यात अजून एक फायदा, शेळ्या शिवारभर हिंडून खातात म्हणजे पुष्कळ झाडांचं बी आपोआप मिसळून येतं. फक्त कळप गावातलाच आहे ना ते बघा, लांबून चारत चारत आलेल्या कळपाच्या वाड्यातलं बी कुठलं ते कोणालाच सांगता येणार नाही.

सागाची फळं थंडीत गळतात, वर्षभर जुनी झालेली जास्त उगवतात, रात्री भिजवा दिवसा वाळवा असं काही दिवस करायचं. पळसाच्या पापड्या मे-जूनमध्ये, ताज्याच पेरा.

अंजन दरवर्षी भरपूर बी धरत नाही, काही वर्षांच्या अंतरानं एखादं वर्ष असं येतं की उन्हाळ्यात झाडं पापड्यांनी लगडतात. त्याच वर्षी गोळा करा. अशा वर्षी सगळी झाडं एकदम फुललेली असतात, परागाची अदलाबदल खूप झालेली असते, त्यामुळं बियांत विविधताही जास्त. फुकटचं वर्ष असतं ते.

११. पिशवीवर काय लिहायचं?

सगळे प्रश्न एकीकडं आणि हा एकीकडं. झाडाचं नाव, गाव-तालुका, जागेचं नाव (मसोबाचा माळ, गट नंबर, जे असेल ते), किती झाडांवरून गोळा केलं, तारीख, कोणी. जमलं तर मोबाईलवरचं लोकेशन. एवढी सहा-सात शब्दांची चिठ्ठी बियांसोबत आत, आणि रोपं झाली की रोपवाटिकेच्या वहीत, आणि लावली की ज्या गावात लावली त्या ग्रामपंचायतीत. साखळी तुटली नाही पाहिजे.

जगात हे असंच चालतं, ओईसीडी या देशांच्या गटाच्या वन-बियांच्या योजनेत रंगीत लेबलं असतात, पिवळं म्हणजे नुसतं ठिकाण माहीत आहे, हिरवं म्हणजे चांगल्या रानातून निवडलेलं, गुलाबी म्हणजे निवडक झाडांच्या बागेतलं, निळं म्हणजे चाचणी करून सिद्ध झालेलं. आपल्याकडं पिवळं जरी जमलं ना तरी लई झालं. कोरड्या वर्षी कुठली रांग तगली आणि कुठली गेली हे दिसलं तरी चिठ्ठी नसेल तर त्यातून शिकायला काहीच मिळत नाही. शेजारच्या राज्याला माहिती द्यायची म्हणजे तरी दुसरं काय देणार.

१२. नर्सरीवाले म्हणतात टिश्यू कल्चरचा साग आहे, दहा-बारा वर्षांत लाखो रुपये. घ्यावा का?

टिश्यू कल्चर ही रोप बनवायची पद्धत आहे, गुण आईझाडाचा असतो. आईझाड कुठलं, किती वेगवेगळ्या झाडांपासून बनवलंय, आपल्या पावसात कुठं लावून बघितलंय, हे तीन प्रश्न विचारा. उत्तर आलं नाही तर पैसे जपा. सागाला भाव येतो तो आतल्या गाभ्याला, लवकर जाड झालेल्या कोवळ्या खोडात गाभा थोडाच असतो. १९९० च्या दशकात सागाच्या लागवडीच्या नावानं गुंतवणूक गोळा करणाऱ्या कंपन्यांचं पेव फुटलं होतं, शेवटी १९९९ ला सेबीला अशा योजनांसाठी नियम काढावे लागले.

एकाच क्लोनचं, म्हणजे एकाच झाडाच्या नकलांचं, पूर्ण शेत लावू नका, ते का हे प्रश्न ३ मध्ये सुबाभळीचं वाचा.

१३. चंदनाची रोपं कर्नाटकातून मागवली तर चालतील का?

चंदनावर आपल्याकडं सध्या उड्या पडतायत. चंदन अर्धपरजीवी आहे, दुसऱ्या झाडाच्या मुळातून अन्न घेतं, म्हणून सोबत तूर वगैरे लावतात हे आता सगळ्यांना माहीत झालंय. कमी लोकांना माहीत असतं ते स्पाइक रोगाचं. १८९९ ला कुर्गात पहिल्यांदा नोंदलेला, पानं बारीक होत जातात, झाड मरतं, उपाय नाही. आजारी भागातल्या रोपांसोबत तो इकडं येऊ शकतो. म्हणून रोपांपेक्षा बी आणलेलं बरं, आणि कुठल्या भागातलं ते विचारूनच. आपल्या बांधाबांधांवर, ओढ्याकाठी गावठी चंदन अजून आहे, चोरांच्या हातून वाचलेलं, त्याचं बी पाखरं टाकतात तिथं रोपं उगवतात. ती आधी बघा.

१४. आमच्याकडचं बी बाहेर पाठवलं तर कायद्यात अडकू का?

शेजारच्या राज्यातल्या शेतकऱ्याला तुमच्या बांधावरच्या झाडाचं बी लावायला दिलं तर काही अडचण नाही. जैवविविधता कायदा २००२ चा, तो स्थानिक लोकांना, पिकवणाऱ्यांना, वैदूंना सूट देतो. व्यापारी कंपनी घेणार असेल तर राज्य मंडळाला कळवणं वगैरे त्यांच्यावर येतं. परदेशी माणूस, परदेशी संस्था, अनिवासी भारतीय यांना संशोधनाला किंवा धंद्याला बी द्यायचं तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी आधी लागते, ओळखीचा पाहुणा असला तरी. विद्यार्थी विचारतात की प्रोफेसरनं बाहेरच्या विद्यापीठाला सॅम्पल पाठवायला सांगितलंय, तर तेही यातच आलं, आधी विचारा. पिकांच्या बियांसाठी देशादेशांत वेगळा करार आहे, जंगली झाडांसाठी तसा सोपा करार नाही, त्यांना नागोया प्रोटोकॉल लागतो, म्हणजे जैविक संपत्तीच्या वापराचा फायदा मूळ देशालाही मिळावा यासाठीचा आंतरराष्ट्रीय करार, जो २०१४ पासून अमलात आहे.

१५. माहिती उघड केली तर कोणी पेटंट घेईल, त्यापेक्षा गप्प बसलेलं बरं नाही का?

उलट आहे. कडुलिंबाच्या तेलाच्या बुरशीनाशकाचं पेटंट १९९४ ला युरोपात एका अमेरिकन कंपनीला आणि अमेरिकेच्या कृषी खात्याला मिळालं होतं, ते २००० ला रद्द झालं आणि २००५ ला अपीलही फेटाळलं, कारण हे आधीपासून माहीत होतं, वापरात होतं, हे दाखवता आलं. लेखी नोंद हेच हत्यार. फक्त अतिदुर्मिळ किंवा चोरी होणाऱ्या झाडाचं (चंदन!) नेमकं लोकेशन सगळ्यांसमोर टाकू नका, नोंदवहीत असू द्या.

१६. अभयारण्यातून खाली पडलेलं बी उचललं तर काय होतंय?

येडशीचा रामलिंग घाट असो, गौताळा असो की पैनगंगा, परवानगीशिवाय नको. खाली पडलेलं असलं तरी. सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांना आपल्या हद्दीतलं गौण वनोपज घेता येतं, २००६ च्या कायद्यानं, ती गोष्ट वेगळी. बाकीच्यांनी वनविभागाला लेखी अर्ज करा, शाळा-कॉलेजच्या नावानं केला तर लवकर मिळतं असा अनुभव आहे.

१७. सीताफळ, चिंच ही तर बाहेरून आलेली झाडं. त्यांची विविधता जपायची का?

माझं मत, हो. सीताफळ अमेरिका खंडातलं आणि चिंच आफ्रिकेकडची मानतात, पण शेकडो वर्षं बालाघाटावर बियांपासून उगवत, दुष्काळ सोसत जे तयार झालं ते आता इथलंच आहे. बीडच्या सीताफळाला २०१६ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं ते याच डोंगरातल्या सीताफळाला. आता सगळीकडं कलमाच्या गोल्डन जातीच्या बागा होतायत, चांगलं आहे, पैसा येतो, पण प्रत्येक कलम एकाच झाडाची नक्कल. डोंगरातलं बियाचं सीताफळ तोडून सरपण केलं तर उद्या नवीन वाण निवडायला काय उरणार? चिंचेचा प्रतिष्ठान वाणसुद्धा असाच इथल्या झाडांतून निवडलेला.

वेडी बाभूळ मात्र जपायची गरज नाही. ती आपलं आपण बघून घेते.

१८. हवामान बदलतंय. मग आतापासूनच राजस्थानचं बी आणून लावावं का?

एकदम उडी नको. राजस्थानची शमी कमी पावसात तगते पण तिथली थंडी, वाळू, दिवसाची लांबी वेगळी, आपल्या काळ्या चिकण मातीत पावसाळ्यात पाणी साचतं ते तिला सोसेल याची खात्री नाही. शहाणपणाचं म्हणजे बहुतेक बी आपल्याच पट्ट्यातलं आणि थोडं त्याहून जरा कोरड्या भागातलं, आष्टीकडचं, सोलापूर-विजापूरकडचं, वेगळ्या रांगेत, नोंद ठेवून.

आणि घरच्या घरी एक मोठी चाचणी आपली झालेलीच आहे. २०१२ ते २०१६ ची दुष्काळी वर्षं, ज्यांच्या शेवटी २०१६ ला लातूरला रेल्वेनं पाणी आलं. त्यात माळावर पाण्याविना उभी राहून पुन्हा फुटलेली झाडं म्हातारे लोक बोटानं दाखवतात. ती आईझाडं. फक्त शेजारी विहीर, नाला, सांडपाणी नव्हतं ना एवढं विचारून घ्या.

१९. बी शीतगृहात ठेवलं की झालं ना, रानं राखायची कटकट कशाला?

बाभूळ, शमीचं बी उणे अठरा डिग्रीला दिल्लीच्या राष्ट्रीय जीन बँकेसारख्या ठिकाणी अनेक वर्षं राहू शकतं. नॉर्वेतल्या स्वालबार्डच्या त्या प्रसिद्ध बियांच्या तिजोरीतही २०१५ ला नॉर्वे-फिनलंडनं आपल्या स्प्रूस आणि पाइनचं बी ठेवलं. पण जांभूळ, आंबा, मोह हे बी थंड करून वाळवून ठेवता येत नाही, मरतं, लिंबाचंही भरवशाचं नाही. आणि तिजोरीतलं बी जिथं होतं तिथंच थांबतं, बाहेर ऊन वाढतं, नवी कीड येते, त्याला काही कळत नाही. तिजोरी विम्यासाठी ठीक.

२०. ग्रामपंचायत यात काय करू शकते? निधी नाही हे आधीच सांगतो.

प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आहे, निदान कागदावर. लोक जैवविविधता नोंदवहीपण आहे. हरित लवादानं जानेवारी २०२० ची मुदत दिली होती म्हणून पुष्कळ ठिकाणी त्या घाईत भरल्या गेल्या, शेजारच्या गावाची आणि तुमची वही शब्दाशब्दाला सारखी निघाली तर आश्चर्य वाटून घेऊ नका. ती वही काढा, त्यात गावातल्या बी घेण्यालायक झाडांची यादी जोडा, ठराव करा की गायरानातला, देवस्थानाचा अमुक तुकडा बियांसाठी राखला. पैसे लागत नाहीत. मग शेजारच्या पाच-सहा गावांच्या याद्या एकमेकांना द्या, राज्याची हद्द मधे आली तरी द्या, देगलूर-बिदर, किनवट-आदिलाबाद इथं सोयरिकी आहेतच की. वहीची एक प्रत नागपूरच्या राज्य जैवविविधता मंडळाकडं जाते.

२१. आमच्या शेताला लागून जुनं सागाचं जंगल आहे आणि मी बाहेरून आणलेला साग लावलाय. जंगलाला काही धोका?

थोडा आहे. सागाचा पराग किडे नेतात, शे-दोनशे मीटर सहज, कधी जास्त. तुमची झाडं फुलायला लागली की कडेच्या जुन्या झाडांच्या बियांत बाहेरचे गुण मिसळायला सुरुवात होते. लावलेली तोडा असं कोणी म्हणत नाही. पण नवीन लागवड करताना जंगलाच्या बाजूच्या ओळी तिथल्याच बियांच्या करा, बाहेरचा साग शेताच्या दुसऱ्या टोकाला. आधीच फुलणारा असेल तर त्या कडेच्या पट्ट्यातून बी गोळा करू नका, चांगलं आत जाऊन घ्या (परवानगीचं प्रश्न १६ मध्ये), आणि वनरक्षकाला किंवा गावच्या समितीला सांगून वहीत लिहून ठेवा की अमुक गटात, अमुक साली, अमुक ठिकाणचा साग लावलाय. वीस वर्षांनी बी गोळा करायला येणाऱ्याला ते कळलं पाहिजे, तेव्हा तुम्ही-आम्ही तिथं सांगायला असू नसू.